बसका केक: डोंबिवलीतल्या एका मसाला लोफचं प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. मी त्यांना वहिनीच म्हणते. कशी आहेस, पाऊस किती, असलं काही नाही. थेट म्हणाल्या, "अगं, तुझा केक माझ्याकडे बसतो."

बसतो म्हणजे कसा, ते विचारल्यावर त्यांनी फोटो पाठवला. लांबट टिनमधला केक, कडा उंच, मधोमध होडीसारखा खळगा. कापलेल्या कापाचा दुसरा फोटो जास्त बोलका होता. वरचा भाग मोठमोठ्या भोकांचा, खाली बोटभर जाडीचा ओला, चिकट पट्टा, गार झालेल्या शिऱ्यासारखा. आणि रंग गडद, इतका की वहिनींच्या नातवाने चॉकलेटचा समजून पहिला घास घेतला आणि दुसरा घेतला नाही.

असे तीन केक झाले होते. पुढच्या बुधवारी त्यांच्याकडे भिशी होती. आठ बायका, सगळ्या साठीच्या पुढच्या, आणि चहाबरोबर दरवेळचा ढोकळा न देता "काहीतरी बेक केलेलं" द्यायचं त्यांनी मागच्या महिन्यातच जाहीर करून ठेवलं होतं. म्हणजे प्रश्न केकचा कमी आणि शब्दाचा जास्त होता.

हा लोफ मी ठाण्यात माझ्या घरी आठ-नऊ वर्षं करते आहे. क्रीम नाही, आयसिंग नाही, अंडंही नाही. निम्मी कणीक, निम्मा मैदा, गूळ, दही, तेल आणि मसाला. चहाच्या कपाशेजारी एक जाड काप ठेवला की झालं. वहिनींनी दिवाळीत तो खाल्ला, आवडला, म्हणून मी त्यांना माझ्याकडचाच जास्तीचा आठ बाय चार इंचांचा टिन दिला आणि कृती मोबाइलवर लिहून पाठवली. तो संदेश पुढे महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून तो होता तसाच देते:

"कणीक १ कप, मैदा १ कप, चिरलेला गूळ १ कप, दही पाऊण कपाहून थोडं जास्त, तेल अर्ध्या कपाला जरा कमी, पाणी पाव-पाऊण असं अंदाजाने, बेकिंग पावडर १ चमचा, सोडा अर्धा चमचा, मीठ चिमूटभर, मसाला आवडीप्रमाणे. १८० वर ५० मिनिटं."

आज वाचताना माझी मलाच लाज वाटते. "पाव-पाऊण" म्हणजे काय? पण लिहिताना मला सगळं डोळ्यांपुढे दिसत होतं, आणि ज्याला दिसतं त्याला लिहायचा कंटाळा येतो.

फोनवरचं निदान

पहिला केक वहिनींनी संदेशाबरहुकूम केला होता. तो थोडासाच बसला, पण पस्तिसाव्या मिनिटालाच इतका काळपट दिसायला लागला की त्यांनी घाबरून बाहेर काढला. त्यांचा निष्कर्ष: ओव्हन फार तापतो. म्हणून दुसरा केक त्यांनी १६० वर लावला आणि पंचेचाळीस मिनिटं ठेवला. तो आणखी खोल बसला. तेव्हा त्यांनी मला पहिला फोन केला होता आणि मी भाजी चिरता चिरता उत्तर दिलं होतं: "बेकिंग पावडर जुनी असेल, नवीन आणा. आणि मध्ये दार उघडू नका."

पावडर खरंच जुनी होती, गेल्या वर्षीची. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकली तर ती ताबडतोब फसफसायला हवी. त्यांची नुसती दोन-चार बुडबुडे काढून गप्प बसली. म्हणजे माझा अंदाज बरोबर निघाला, आणि तोच घात झाला. एक बरोबर उत्तर मिळालं की माणूस पुढचं विचारायचं सोडतो. वहिनींनी नवी पावडर आणली, शिवाय "यंदा फुगलाच पाहिजे" म्हणून सोडाही अर्ध्याचा एक चमचा केला. तिसरा केक टिनच्या काठापर्यंत चढला. वहिनी काचेतून बघत होत्या, खूश होत्या. पंचविसाव्या मिनिटाला त्यांच्या डोळ्यांदेखत तो मधोमध खाली गेला. "दूध उतू जाताना गॅस बंद केला की साय कशी खाली बसते, तसा," असं त्यांनी सांगितलं. हे वर्णन शास्त्राच्या पुस्तकातल्यापेक्षा चांगलं आहे, कारण आत घडतं ते बरंचसं तसंच.

शनिवार

शनिवारी सकाळी मी वजनकाटा, मोजायचे चमचे आणि ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा गोल थर्मामीटर पिशवीत टाकून डोंबिवलीची स्लो पकडली. अट एकच घातली होती: तुम्ही नेहमीसारखा करा, मी बघेन, मध्ये बोलणार नाही. वहिनींना ते आवडलं नाही. "मग काय सासूसारखी स्टुलावर बसून राहणार?" म्हणाल्या. बसले.

त्यांनी मांडणीवरून स्टीलची वाटी काढली. आमटीची वाटी, आपल्या सगळ्यांच्या घरात असते तशी, बाहेरून नाव कोरलेली. एक वाटी कणीक, वरून बोटाने सपाट केलेली. एक वाटी मैदा. मग चमच्यांच्या स्टँडमधला चहाचा चमचा. सोड्याच्या डब्यात तो खुपसला, वर आलेल्या ढिगातला निम्मा परत डब्यात पाडला, आणि उरलेला पिठात. हे सगळं अर्ध्या मिनिटात, गप्पा मारता मारता, पंचेचाळीस वर्षं रोज स्वयंपाक केलेल्या हाताने.

मी अट मोडली. म्हटलं, "वहिनी, थांबा. ती वाटी द्या."

वाटी पाण्याने काठोकाठ भरून काट्यावर ठेवली. आत १५० ग्रॅम पाणी, म्हणजे १५० मिली. मी जो "कप" लिहिला होता तो मोजायचा कप, २४० मिलीचा. त्यांची एक वाटी कणीक ७५ ग्रॅम भरली, माझा कप १२० ग्रॅम भरतो. दोन वाट्या पीठ म्हणजे १५० ग्रॅम, माझं २४०.

एवढ्याने काही बिघडत नाही. वाटी लहान असली तरी पीठ, गूळ, दही, तेल सगळंच तिने मोजलं तर प्रमाण तेच राहतं, केक फक्त लहान होतो. आपल्या बहुतेक पाककृती याच हिशेबावर चालतात आणि उत्तम चालतात. "एक वाटी रवा, एक वाटी साखर" म्हणताना वाटी कोणती हे कोणी विचारत नाही, विचारायची गरजच नसते.

पण सोडा वाटीने मोजलेला नव्हता, चमच्याने मोजलेला होता. आणि चमचा लहान झाला नव्हता. उलट त्यांचा चहाचा चमचा, तोही शिगेचा, माझ्या मापापेक्षा मोठा. त्यांनी पिठात टाकलेला सोडा मी पुन्हा चमच्याने वेचून माझ्या मापात ओतून पाहिला (वरचा ढीग पिठात मिसळला नव्हता म्हणून जमलं). अर्ध्या टीस्पूनचं माप भरून वर जवळपास निम्मं उरलं. म्हणजे पाऊण टीस्पून. माझ्याकडे २४० ग्रॅम पिठाला अर्धा, त्यांच्याकडे १५० ग्रॅम पिठाला पाऊण. हिशेब केला तर पिठाच्या मानाने जवळजवळ अडीच पट सोडा. हे संदेश जसाच्या तसा पाळून. तिसऱ्या केकला तर त्याच्याही दुप्पट.

वहिनींनी हिशेब शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, "म्हणजे चूक तुझी."

हो. मी "चमचा" लिहिलं तेव्हा सपाट टीस्पून म्हणायचं होतं आणि "कप" लिहिलं तेव्हा मोजायचा कप. त्यांनी घरात जे होतं ते घेतलं. यात त्यांचा काय दोष?

जास्त सोड्याने केक जास्त फुगायला हवा, मग बसतो का? कारण फुगणं आणि उभं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दह्याचं आंबट आणि सोडा एकत्र आले की लगेच कार्बन डायऑक्साइड सुटतो. ओव्हनच्या गरमीने बुडबुडे आणखी फुगतात. त्याच वेळी पिठातला स्टार्च पाणी पिऊन शिजत असतो आणि बुडबुड्यांभोवतीच्या भिंती घट्ट होत असतात. भिंती घट्ट झाल्या की बुडबुडे जातात तिथे पोकळी राहते, त्यालाच आपण जाळी म्हणतो. गॅस फार आणि फार लवकर झाला तर भिंती कच्च्या असतानाच ताणून पातळ होतात, दोन बुडबुड्यांचा एक, चारांचा दोन असं होत ते वर येऊन फुटतात. कडा टिनला टेकलेल्या असल्यामुळे आधी शिजलेल्या असतात, म्हणून त्या उभ्या राहतात. मध्य उशिरा शिजतो, म्हणून तोच कोसळतो आणि त्याचं सगळं ओझं तळाशी दाबून बसतं. तो चिकट पट्टा म्हणजे न शिजलेलं पीठ कमी आणि दबलेला केक जास्त. त्यातून बिनअंड्याचा केक. अंड्यातली प्रथिनं गरमीने घट्ट होऊन आधार देतात, ते खांब इथे नाहीत, शिवाय गोडामुळे स्टार्च शिजायलाही उशीर लागतो. असल्या केकला चूक कमी माफ असते.

आणि तो काळा रंग? इथेच वहिनी फसल्या, आणि फोटो बघून मीही फसले असते. काळा म्हणजे करपला, करपला म्हणजे ओव्हन तापला, हा आपला रोजचा अनुभव आहे. पण आंबटाला पुरून उरलेला सोडा पीठ अल्कधर्मी करतो, आणि अशा पिठाला रंग फार लवकर चढतो, तेवढ्याच तापमानात. भज्यांच्या पिठात सोडा जास्त पडला की भजी आत कच्ची असतानाच लाल होतात, तोच प्रकार. चवीचंही तेच. उरलेला खायचा सोडा गरमीने सोडियम कार्बोनेट होतो, ज्याला आपण धुण्याचा सोडा म्हणतो. नातवाने दुसरा घास का घेतला नाही याचं उत्तर तिथे आहे. वहिनींना हे सांगितल्यावर त्या जराशा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "बरं झालं भिशीच्या आधी कळलं."

ओव्हनची बाजू

रंगावरून ओव्हनला दोषी ठरवलं होतं, तर त्याचीही झडती घ्यायला हवी होती. त्यांचा ओटीजी सोळा-सतरा वर्षांचा, आत केकचे डाग, काच धुरकट, पण चालतो. थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवला आणि डायल १८० वर. आठव्या मिनिटाला लाल दिवा विझला. वहिनी म्हणाल्या, तापला. थर्मामीटर म्हणत होता १४५. दिवा विझणं म्हणजे रॉडजवळची हवा तापली, एवढंच. भिंती आणि जाळी अजून गार असतात. विसाव्या मिनिटाला काटा १६५ वर आला आणि तिथेच थोडा वर-खाली करत राहिला. म्हणजे ज्या ओव्हनला त्या "फार तापतो" म्हणत होत्या तो पंधरा अंशांनी थंड होता. आणि दुसऱ्या-तिसऱ्या केकला त्यांनी तो आणखी खाली आणला होता. आधीच भिंती उशिरा घट्ट होणार, त्यात आच कमी. एक चूक सुधारायला गेल्या आणि तीच चूक वाढवून बसल्या, कारण खूण चुकीची वाचली गेली.

दोन्ही गोष्टी एकदम सुधारून केक केला असता तर संध्याकाळी पाचला आम्ही चहा घेत असतो. पण मग खरा गुन्हेगार कोण हे कळलं नसतं, आणि पुढच्या वेळी वहिनी पुन्हा ओव्हनलाच बोल लावणार. म्हणून मी हट्ट धरला: चौथा केक मापाने, पण ओव्हन जसा होता तसाच, डायल १८० वर. वहिनींनी कपाळाला हात लावला. पीठ माझं नव्हतं, त्यांचं होतं, त्यामुळे तेवढा हक्क त्यांना होता.

वजनाने घेतलेली मापं ही: कणीक १२० ग्रॅम, मैदा १२०, गूळ १८०, दही २०० (फार आंबट नाही, पाणी सुटलेलं नाही), तेल १०० मिली, पाणी ८० मिली. बेकिंग पावडर एक सपाट टीस्पून, सोडा अर्धा सपाट टीस्पून, मीठ पाव टीस्पून.

गूळ पाण्यात कोमट करून विरघळवायचा आणि गाळायचा. दुधात नाही. गुळाचा चहा ज्यांनी केला आहे त्यांना माहीत आहे, उकळत्या दुधात गूळ गेला की दूध फाटतं. गाळल्यावर गाळणीत उसाचा चोथा आणि दोन-तीन खडे राहिले, ते वहिनींनी वाण्याला दाखवायला पुडीत बांधून ठेवले. चिक्कीचा गूळ मात्र घेऊ नये, त्याने केक दाताला चिकटतो. पाक पूर्ण गार होऊ द्यायचा, मग त्यात दही आणि तेल घालून हलवायचं. कोरडं सगळं दोनदा चाळून त्यात घालायचं आणि पीठ दिसेनासं झालं की थांबायचं.

इथे वहिनींचा हात थांबेना. लहानपणापासून ऐकलेलं असतं, केकचं पीठ एकाच दिशेने फेटायचं, खूप फेटायचं. दिशेने काही होत नाही. फेटण्याने होतं: कणीक आणि मैदा ओले झाल्यावर जितके घोटाल तितका ग्लुटेन ताणतो, आणि केकची पोळी व्हायला लागते. जास्त फेटणं लोणी-साखरेच्या केकमध्ये आधी असतं, पीठ घालायच्या अगोदर. आणखी एक पाहिलं ते असं की त्या पीठ तयार करून मग ओव्हन लावत असत. दही आणि सोडा भेटल्यावर घड्याळ सुरू होतं. पीठ वीस मिनिटं ओट्यावर थांबलं तर सुरुवातीचा गॅस तिथेच उडून जातो. ओव्हन आधी, पाणी-पीठ नंतर.

चौथा केक बासष्ट मिनिटांनी निघाला. बसला नाही. वर फुगवटा आला, मधोमध लांब भेग पडली (लोफला ती पडतेच, पडायलाच हवी, वरचा पापुद्रा आधी सुकतो आणि आतला भाग वर यायला जागा शोधतो). रंग गुळाचा, बदामी-तांबूस. साबणाचा वास नाही. दोन तास गार करून कापला. तळाशी चिकटपणाची एक बारीक रेघ होती, वहीच्या पुठ्ठ्याएवढी, आणि कडा किंचित कोरड्या, कारण मध्य शिजायची वाट बघत तो जास्त वेळ आत राहिला होता. म्हणजे मुख्य गुन्हा सोड्याचा, ओव्हन साथीदार.

पाचवा केक ओव्हन वीस मिनिटं तापवून आणि डायल जवळजवळ २०० वर नेऊन केला, तेव्हा थर्मामीटर १८० दाखवत होता. बावन्न मिनिटं. रेघ गेली. वहिनींनी डायलवर त्या जागी सुनेच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. तो थर्मामीटर मी त्यांच्याकडे ठेवणार होते, पण ठिपका दिसल्यावर त्या म्हणाल्या, आता कशाला.

केक झाला की नाही ते बघण्याबद्दल एवढंच, की विणायची सुई कडेने खुपसून उपयोग नाही. वहिनी तेच करत होत्या, आणि कडेला ती पहिल्या दिवसापासून स्वच्छच येत होती. भेगेतून, मधोमध, तळापर्यंत घालायची. दोन-चार ओलसर कण चिकटले तर चालतं, पीठ चिकटलं तर आणखी सात-आठ मिनिटं.

मसाला

खरं तर मला याच्याबद्दलच जास्त बोलायचं असतं. वहिनींनी पहिल्या तीन केकना तयार चहा मसाला घातला होता. त्यात मिरी आणि सुंठ पुढे असतात, चहाच्या उकळीत ती शोभतात, केकमध्ये घशाला लागतात. शिवाय चहातही आलं, केकमध्येही सुंठ, म्हणजे दोन्हीकडून एकच माणूस बोलतो आहे. मला केकमध्ये दालचिनी पुढे लागते. दीड टीस्पून दालचिनी, पाऊण सुंठ, अर्धा ताजी कुटलेली वेलची, पाव जायफळ सहाणेवर नाही तर बारीक किसणीवर, आणि लवंगा फक्त तीन. चौथी लवंग घातली की केकला दातदुखीच्या औषधाचा वास येतो. कारणही तेच आहे, त्या औषधात लवंगेचंच तेल असतं.

मसाला पिठात न घालता तेलात घालते. तेल जेमतेम कोमट करायचं, मसाला टाकून दहा मिनिटं झाकायचं. मसाल्यांचे वास तेलात उतरतात, पाण्यात फारसे नाहीत, फोडणीचं सगळं शास्त्र एवढंच आहे. पाचव्या केकला असं केलं तेव्हा शेजारच्या ब्लॉकमधून विचारणा झाली की आज श्रीखंड आहे का. वेलची-जायफळ म्हणजे श्रीखंड, हे आपल्या नाकात बसलेलं आहे. इराण्याकडच्या मावा केकने मुंबईला वेलचीचा केक चहाबरोबर खायला शिकवलं, तरीही.

दुसऱ्या दिवशी हा केक जास्त चांगला लागतो. मसाले मुरतात, गूळ हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि काप मऊ पडतो. पण पावसाळ्यात बाहेर दोन दिवसांच्या वर ठेवू नये, बुरशी धरते. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नये. वहिनी पोळ्यांसारखा फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायच्या, वाफ आत, खालचा भाग ओला. माझ्या मते त्या चिकट पट्ट्यात थोडा वाटा या डब्याचाही होता, पण ते मी सिद्ध करत बसले नाही.

गोल ओव्हन

चहाच्या वेळी वहिनी म्हणाल्या की लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंकडे ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन होता, काचेची खिडकी असलेलं झाकण, खाली रेती घालायची. तापमानाचा काटा नाही, डायल नाही, काही नाही. त्यात त्या कस्टर्ड पावडरचा केक करत आणि तो एकदाही बसला नाही. "मग आता डायलच्या ओव्हनमध्ये का बसतो?"

मी विचारलं, तेव्हा सोडा किती घालायचात?

त्यांनी अंगठा आणि दोन बोटं जुळवून दाखवली. चिमूट.

वाटी घरची, चिमूट हाताची, दोन्ही एकमेकांना ओळखणारी. मी मध्ये चमचा घुसडला. त्यांच्या बोटांत बसणारी चिमूट मी काट्यावर टाकून पाहिली, तर काटा हललाच नाही, तो एका ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही. मग मोजायच्या चमच्यात चिमटी टाकत गेलो. त्यांच्या तीन चिमटी म्हणजे माझा अर्धा टीस्पून सपाट. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेवढंच. मी काटा पिशवीत टाकला.

वजनकाटा घेऊन त्या कधीच बसणार नव्हत्या, हे उघड होतं. म्हणून कृती त्यांच्या वाटीत बसवली: कणीक दीड वाटी, मैदा दीड वाटी, चिरलेला गूळ दीड वाटीला जरा वर, दही सव्वा वाटी, तेल पाऊण वाटीला बोटभर कमी, पाणी अर्धी वाटी. सोडा तीन चिमटी. बेकिंग पावडरची चिमूट होत नाही, तिला माझा एक टीस्पूनचा चमचा दिला, वर सुरीची पाठ फिरवायची. हे सगळं त्यांनी मराठी शाळेतल्या वळणदार अक्षरात कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

बुधवारी रात्री फोन आला. केक छान झाला होता, दोन केले होते, एकही काप उरला नाही. एका काकूंनी तर तिथेच कृती मागितली.

"सांगितली ना नीट?" मी विचारलं. "वाटी कोणती ते सांगितलंत?"

"सांगत कशाला बसू? वाटीच दिली तिला. म्हटलं, याने मोज आणि परत आण."

"आणि चमचा?"

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"अगं, तो राहिलाच की."